खडकाचे वय सांगणारा कण

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे, हे वाक्य आता शाळेच्या पुस्तकांतून छापलेले असते. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुणही मिळवतात. पण वर्गात एखादी तरी चौकस मुलगी असतेच. ती उभी राहून विचारते, "बाई, हे मोजलं कुणी? तेव्हा तर माणूसच नव्हता ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. "शास्त्रज्ञांनी मोजलं" एवढे सांगून तिला खाली बसवणे काही बरे नव्हे. तेव्हा आज ह्या प्रश्नाचे उत्तर श्रोत्यांपुढे, आणि विशेषतः शिक्षक बंधुभगिनींपुढे, जरा उलगडून मांडायचे आहे. ह्या प्रकरणातला मुख्य साक्षीदार वाळूच्या कणाएवढा, पुष्कळदा त्याहूनही बारीक आहे. त्याचे नाव झिरकॉन.

आधी थोडे मागे जाऊ. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला तिच्या मुलांची वये विचारा. ती म्हणेल, "थोरला पानशेत फुटलं त्या साली झाला, अन् धाकटा कोयनेच्या भूकंपात." क्रम पक्का कळला. पण वर्षे कशी काढायची? पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ ला फुटले आणि कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला झाला, ह्याची नोंद कुठेतरी आहे, म्हणून वये काढता येतात. नोंदच नसती तर थोरला कोण आणि धाकटा कोण एवढेच आपल्याला ठाऊक राहिले असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भूशास्त्रज्ञांची स्थिती नेमकी अशी होती. खालचा थर जुना, वरचा थर नवा. अमुक थरात अमुक शंखशिंपले सापडतात, तमुक थरात ते नाहीसे होतात, हा सगळा क्रम त्यांनी फार मेहनतीने लावला होता. साल मात्र एकाही थरावर घालता येत नव्हते. लॉर्ड केल्विन हे त्या काळचे नामांकित पदार्थवैज्ञानिक. तापलेला गोळा निवायला किती काळ लागेल असे गणित करून त्यांनी १८९७ साली पृथ्वीचे वय २ ते ४ कोटी वर्षे सांगितले. डोंगर झिजायला आणि गाळाचे थर साचायला हा काळ फारच तोकडा आहे असे भूशास्त्रज्ञांना वाटे, पण केल्विनसाहेबांच्या गणितापुढे बोलायचे कुणी? त्याच सुमारास, १८९६ साली, फ्रान्समध्ये बेकरेल ह्यांना युरेनियमच्या अंगची किरणे सापडली आणि सगळा डाव पालटला. युरेनियमचे अणू आपोआप फुटतात आणि टप्प्याटप्प्याने त्यांचे शिसे होते, हे पुढच्या काही वर्षांत कळले. १९११ साली आर्थर होम्स ह्या अवघ्या एकवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाने खनिजांतील युरेनियम आणि शिसे ह्यांचे प्रमाण पाहून खडकांची वये प्रसिद्ध केली. त्यांतील सर्वांत जुना नमुना सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा होता. त्याचे वय निघाले १६४ कोटी वर्षे. केल्विनसाहेबांचा आकडा कुठे आणि हा कुठे!

होम्सची कल्पना बरोबर होती, पण हिशेब कच्चा होता. तो पक्का करायला योग्य भांडे हवे होते. ते भांडे म्हणजेच झिरकॉन.

झिरकोनियम नावाचा धातू, सिलिकॉन आणि प्राणवायू ह्यांच्या संयोगाने हे खनिज बनते. ग्रॅनाइटसारखा खडक वितळलेल्या शिलारसापासून जमिनीखाली सावकाश निवत असतो, तेव्हा त्यात हे स्फटिक धरतात. त्यांची लांबी बहुधा मिलीमीटरचा दहावा हिस्सा, फार तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. नुसत्या डोळ्यांना तो एक ठिपका. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्ही टोकांना निमुळता झालेला चौकोनी खांबच दिसतो. हा कण गारगोटीपेक्षा कठीण. चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही, साध्या आम्लात तो विरघळत नाही. डोंगर झिजून त्याची माती झाली, नदीने ती माती समुद्रात नेली, तिचा पुन्हा दगड झाला, तरी झिरकॉन आपला शाबूत. केरळात चवरा येथील समुद्राच्या वाळूतून तो टनावारी वेगळा काढतात आणि अणुभट्टीतील इंधनाच्या नळ्यांसाठी लागणारा धातू त्यापासून मिळवतात. जाता जाता सांगतो, बाजारात अमेरिकन डायमंड म्हणून जो चमचमता स्वस्त खडा मिळतो त्याला कुणी कुणी झिरकॉन म्हणतात. तो कारखान्यात बनवलेला निराळा पदार्थ आहे. त्याचा आपल्या गोष्टीशी काही संबंध नाही.

आता ह्या कणाचे घड्याळ कसे होते ते पाहू. समजा, एका शेतकऱ्याने कणगीत निवडून पाखडून ज्वारी भरली. भरताना तीत चिमूटभरही पीठ नव्हते. मग कणगीचे तोंड शेणामातीने लिंपून टाकले. आत कीड राहिली आहे आणि ती ठरलेल्या गतीने दाण्यांचे पीठ करीत आहे. काही काळाने तुम्ही कणगी उघडली. दाणे किती उरले आणि पीठ किती झाले हे तोलून पाहिले, की कणगी केव्हा लिंपली ते सांगता येईल. मात्र त्याला तीन अटी आहेत. आरंभी आत पीठ नसावे, मधल्या काळात कुणी हात घातलेला नसावा, आणि किडीची गती आपल्याला ठाऊक असावी. दाणे म्हणजे युरेनियम, पीठ म्हणजे शिसे आणि कणगी म्हणजे झिरकॉनचा स्फटिक.

पहिली अट हा स्फटिक फार उत्तम पाळतो. पंगतीत जसे पाट मांडलेले असतात तशा स्फटिकात अणूंच्या जागा ठरलेल्या असतात. झिरकोनियमच्या पाटावर युरेनियमचा अणू अंग चोरून बसू शकतो. दहा लाखांत शे-दोनशे असे ते शिरतात. शिशाचा अणू आकाराने आणि विद्युत्भाराने त्या पाटावर बसतच नाही. म्हणून स्फटिक जन्मतो तो जवळजवळ शिशावाचून. पुढे त्यात जे शिसे सापडते ते आतच तयार झालेले.

गतीचे म्हणाल तर ह्या बाबतीत आमची किडीची उपमा लंगडी पडते. कीड वाढते, हवा दमट असली की जास्त खाते. युरेनियमला असली कसलीच बाधा नाही. त्याला तापवा, दाबा, दुसऱ्या कुठल्याही पदार्थाशी त्याचा संयोग घडवा, त्याचे अणू आपल्याच गतीने फुटत राहतात. अमुक एक अणू केव्हा फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही. पण अमुक माणूस केव्हा मरेल हे विमा कंपनीला तरी कुठे ठाऊक असते? लाख माणसांत वर्षाला किती मृत्यू होतील हे मात्र ती बरोबर सांगते. अणू तर एका बारीक कणातही अब्जावधी असतात, तेव्हा हिशेब फारच पक्का होतो. युरेनियमच्या एका जातीला २३८ हा अंक लावतात. तिचे निम्मे अणू फुटायला ४४६ कोटी ८० लाख वर्षे लागतात. दुसरी जात २३५ ची. तिचे निम्मे अणू ७० कोटी ४० लाख वर्षांतच संपतात.

आणि इथेच खरी गंमत आहे. ह्या दोन्ही जाती एकाच स्फटिकात शेजारी शेजारी बसलेल्या असतात आणि त्यांच्यापासून होणारे शिसेही दोन निराळ्या जातींचे असते. एकाचा अंक २०६, दुसऱ्याचा २०७. म्हणजे एकाच कणगीत दोन धान्ये भरली, दोघांना वेगळ्या गतीची कीड लागली आणि दोघांची पिठेही निरनिराळी ओळखता आली! एकाच खोक्यात दोन घड्याळे, एक सावकाश चालणारे आणि एक भराभर चालणारे. दोघांनी एकच वेळ दाखवली तर ती खरी मानायला हरकत नाही. दोघांत तफावत पडली तर समजावे, मधल्या काळात कणगी कुठेतरी फुटली आणि शिसे पाझरून गेले. दुसऱ्या अटीची परीक्षा अशी आपोआप होते. १९५६ साली जॉर्ज वेदरिल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दोन्ही घड्याळांचा मेळ एका आलेखावर मांडला. फुटक्या कणग्यांचे बिंदूही त्या आलेखावर पुष्कळदा एका सरळ रेषेत पडतात आणि ती रेषा मागे नेली की मूळ वय हाती येते. शिक्षकांना हे सांगण्यासारखे आहे, कारण शास्त्राचा भरवसा असाच तयार होतो. एकाच साक्षीदाराला दोन निराळ्या वाटांनी तोच प्रश्न विचारायचा आणि उत्तरे जुळतात का ते बघायचे.

प्रत्यक्ष काम मात्र फार किचकट असते. सराफकट्ट्यावरची धूळ आणि गटारातील गाळ पाण्यात हलवून त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी पुष्कळांनी पाहिले असतील. भूशास्त्रज्ञही तेच करतो. दगड कुटतो, चाळतो, पाण्यात हलवून हलके कण वाहू देतो, लोहचुंबकाने लोखंडी कण उचलतो आणि मग पाण्याहून तिपटीने जड अशा द्रवात उरलेले टाकतो. झिरकॉन तळाशी बसतो. ते कण सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक वेचायचे. त्यांतलेही बिघडलेले भाग काढून टाकावे लागतात, कारण युरेनियमच्या किरणांनी स्फटिक आतून खिळखिळा होतो आणि शिसे पाझरते ते अशाच जागांतून. कणाला आधी सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवून मग जालीम आम्लात ठेवायचे, म्हणजे खराब भाग विरघळून धडधाकट भाग तेवढा उरतो, ही युक्ती २००५ पासून रूढ झाली. उरलेला कण काचेलाही खाणाऱ्या आम्लात विरघळवतात आणि त्यातील अणूंची जातवार मोजदाद यंत्राने करतात.

ह्या मोजदादीत शिशाचे अणू इतके थोडे असतात की बाहेरची धूळ फार घात करते. त्याची एक गोष्ट आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. दुसरे महायुद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत शिकागो विद्यापीठातील हॅरिसन ब्राउन ह्या प्राध्यापकांनी आपल्या दोन विद्यार्थ्यांना झिरकॉनचे काम वाटून दिले. युरेनियम मोजायचे जॉर्ज टिल्टन ह्यांनी आणि शिसे मोजायचे क्लेअर पॅटरसन ह्यांनी. टिल्टनचे आकडे जमले. पॅटरसनचे आकडे मात्र काही केल्या जमेनात. असायला हवे त्याच्या कितीतरी पट शिसे निघे. हळूहळू त्यांच्या ध्यानात आले की हे शिसे खडकातले नव्हे. ते हवेतून येते, नळांतून येते, रंगांतून येते, काम करणाऱ्याच्या कपड्यांवरून आणि केसांतून येते. मग त्यांनी कॅलिफोर्नियात जाऊन अशी प्रयोगशाळा उभारली की आपल्याकडील सोवळ्याच्या स्वयंपाकघरानेही मान खाली घालावी. हवा गाळून आत घ्यायची, फरशी पुन्हापुन्हा पुसायची, आम्ले नव्याने शुद्ध करायची. १९५६ साली पॅटरसननी पृथ्वीचे वय प्रसिद्ध केले, ४५५ कोटी वर्षे. त्यासाठी त्यांनी झिरकॉन नाही, तर आकाशातून पडलेल्या अशनींतील शिसे वापरले होते, कारण पृथ्वीचे स्वतःचे आरंभीचे खडक केव्हाच मोडून-वितळून गेलेले आहेत. आज पुस्तकात जे ४५४ कोटी छापलेले असते ते ह्याच आकड्याला थोडेसे घासूनपुसून आलेले.

गोष्ट इथे संपत नाही. आपल्या प्रयोगशाळेत शिरणारे शिसे मुळात येते कुठून, हा विचार पॅटरसनच्या मनातून जाईना. त्यातले पुष्कळसे मोटारींच्या पेट्रोलमध्ये मुद्दाम मिसळलेल्या शिशाच्या धुरातून येत होते. १९६५ साली त्यांनी ते उघडपणे लिहिले. त्यासाठी मोठमोठ्या धनिकांचे वैर पत्करले. हिंदुस्थानात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले २००० साली आणि जगातून पुरते गेले २०२१ साली. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. दगडाचे वय काढायला निघालेल्या माणसाच्या हट्टाचा फायदा असा जगभरच्या मुलांना मिळाला.

आता ह्या कणांनी सांगितलेल्या हकिगती. सर्वांत जुने झिरकॉन पश्चिम ऑस्ट्रेलियात जॅक हिल्स नावाच्या टेकड्यांत सापडले. गंमत अशी की ज्या दगडात ते आहेत तो दगड सुमारे ३०० कोटी वर्षांचा, पण आतले काही कण ४०० कोटींच्याही पलीकडचे. त्यांचे मूळ खडक झिजून गेले, कण तेवढे वाहत येऊन ह्या दगडात अडकले. त्यांतील एका कणाचे वय २००१ साली ४४० कोटी वर्षे सांगितले गेले. तेव्हा शंका निघाली की शिसे कणातल्या कणात सरकून एका जागी गोळा झाले असेल तर वय फुगवून दिसेल. २०१४ साली अशा एका कणातील शिशाच्या अणूंच्या जागा एकेक करून तपासल्या आणि शंका फिटली. त्या कणाचे वय ४३७ कोटी ४० लाख वर्षे ठरले. इतक्या काळात २३८ च्या युरेनियमपैकी जवळजवळ निम्मे शिसे होऊन गेलेले असते. ह्या जुन्या कणांतील प्राणवायूही तपासला गेला. त्यात जड जातीचा प्राणवायू नेहमीहून थोडा अधिक आहे. असा प्राणवायू पाणी आणि खडक ह्यांची थंड जागी गाठ पडल्यावाचून येत नाही. म्हणजे पृथ्वी नवजात असताना सगळी वितळलेल्या रसाने भरलेली होती आणि पुष्कळ काळ तशीच राहिली, हे जुने चित्र आता धरून ठेवता येत नाही. सुमारे ४३० कोटी वर्षांपूर्वी तिच्या पाठीवर पाणी असावे, असे आता बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आपल्या देशातही ओरिसात चंपुआजवळच्या खडकात ४२४ कोटी वर्षांचा कण मिळाल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. तोही आपल्याहून पुष्कळ तरुण अशा खडकात पाहुणा म्हणून राहिलेला आहे.

ह्यावरून एक पथ्य ध्यानात ठेवावे. झिरकॉन स्वतःच्या जन्माची वेळ सांगतो; तो ज्या दगडात बसला आहे त्या दगडाची सांगेलच असे नाही. कधी कधी तर एका कणातही कांद्यासारखे पापुद्रे असतात आणि आतला गाभा बाहेरच्या सालीहून कोट्यवधी वर्षांनी जुना निघतो.

आता आपल्या अंगणात येऊ. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळाने व्यापलेला आहे. जमिनीतील भेगांतून लाव्हा पुन्हापुन्हा बाहेर आला, पसरला, निवला आणि त्याची चवडच्या चवड रचली गेली. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्र घेतले, तेव्हा बाराशे मीटरांहून अधिक काळा कातळ भेदल्यावर खालचा ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. भूशास्त्रज्ञांनी ह्या थरांना नावेही आपल्याच गावांची दिली आहेत: जव्हार, इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. परदेशातल्या ग्रंथांतही ती तशीच छापली जातात.

हा लाव्हा केव्हा आला, हा नुसत्या कुतूहलाचा प्रश्न नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर आणि त्यांच्याबरोबर इतर असंख्य जीव पृथ्वीवरून नाहीसे झाले. आपल्याकडेही चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे त्यांची हाडे सापडतात. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर एक प्रचंड अशनी आदळला. त्याचा सुमारे १८० किलोमीटर रुंदीचा खड्डा आज जमिनीखाली आणि समुद्राखाली गाडलेला आहे. मग जीवांचा नाश केला कुणी, त्या अशनीने की दख्खनच्या लाव्ह्याबरोबर निघालेल्या गंधकाच्या आणि कर्बाच्या वायूंनी? की दोघांनी मिळून? लाव्हा नाशाच्या आधी आला असेल तर तो संशयित. सगळा नंतर आला असेल तर सुटला. तेव्हा सारा खटला तारखांवर येऊन ठेपला.

आणि इथे अडचण अशी की काळ्या कातळात झिरकॉन जवळजवळ सापडतच नाही. ह्या लाव्ह्याची घडणच अशी आहे की त्यात तो धरत नाही. मग वाट कशी निघाली? घाटातून एस.टी.ने जाताना रस्त्याच्या कडेला कापलेल्या कड्याकडे पाहा. काळ्या कातळांच्या दोन थरांमध्ये मधूनच विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. कुठे वीतभर, कुठे हात-दोन हात जाड. एक लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये काळ गेला. त्या काळात ऊनपावसाने वरचा दगड कुजला, माती झाली आणि दुसऱ्या एखाद्या ज्वालामुखीची राख उडत येऊन तीत मिसळली. पुढे वरून तापलेला लाव्हा आला आणि माती भट्टीतल्या विटेसारखी भाजून निघाली. त्या राखेत झिरकॉनचे कण आहेत. असे काही तांबडे थर धुऊन, कण वेचून, त्यांची वये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोन ह्यांच्या मंडळीने काढली. ह्या कामात अमरावती विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञही सहभागी होते. २०१५ साली त्यांनी प्रसिद्ध केले की मुख्य लाव्हा नाशाच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि साडेसात लाख वर्षांच्या आसपास चालला. तेवढ्यात अकरा लाख घनकिलोमीटरांहून अधिक कातळ तयार झाला.

ह्या कणांत युरेनियम २३८ च्या उरलेल्या दर हजार अणूंमागे शिशाचे जेमतेम दहा अणू असतात, आणि २३५ च्या दर हजारामागे सदुसष्ट. एवढ्याशा शिशावरून वय काढायचे, तरी चूक तीस-चाळीस हजार वर्षांच्या आत राहू शकते. सहासष्ट वर्षांच्या आजोबांची जन्मतारीख, नुसती नाडी पाहून, पंधरवड्याच्या आत सांगावी तसे हे आहे!

तरी खटल्याचा निकाल लागला असे मात्र म्हणता येत नाही. २०१९ साली एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. शोन ह्यांच्या मंडळीने झिरकॉनवरून सांगितले की लाव्हा चार मोठ्या लाटांनी आला आणि त्यांतील एक मोठी लाट, पोलादपूरच्या थरांची, नाशाच्या अगदी थोडी आधी आली. दुसऱ्या मंडळीने, आणि त्यांत मुंबईच्या आय.आय.टी.चे भूशास्त्रज्ञही होते, खुद्द काळ्या कातळातील खनिजांवर पोटॅशियमपासून होणाऱ्या आर्गॉन वायूचे घड्याळ लावले. त्यांचे म्हणणे, लाव्हा बराचसा सलग येत राहिला आणि त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग नाशानंतरचा आहे. एकंदर सारा प्रकार दहा लाख वर्षांच्या आसपास आटोपला ह्यावर दोघांचे जवळजवळ एकमत आहे. भांडण आहे ते त्या काळातल्या वाटणीचे. माझ्या मते तांबड्या थरांच्या साक्षीत एक कच्चा दुवा आहेच. राखेतला कण आपल्या ज्वालामुखीच्या पोटात आधी बराच काळ पडून राहिलेला असू शकतो, किंवा पावसाने दुसरीकडून वाहून आलेला पाहुणाही असू शकतो. मग थराचे खरे वय त्याहून कमी निघेल. उलट आर्गॉनच्या घड्याळात चुकीची मर्यादा झिरकॉनपेक्षा मोठी असते. म्हणून दोन्ही बाजू आणखी थर आणि आणखी कण मागतात, आणि ते मिळण्याची जागा आपल्याच घाटांत आहे.

शाळेची सहल घाटातून जाणार असेल तर मुलांना हे थर अवश्य दाखवावेत. मात्र एक गल्लत टाळावी. कोकणात घरे बांधायला जो भोकाभोकांचा तांबडा जांभा चिऱ्यांनी काढतात, तो हा नव्हे. जांभा कातळाच्या अगदी माथ्यावर, फार पुढच्या काळात पावसाने कातळ कुजून तयार झालेला आहे. आपला थर ओळखायची खूण सोपी आहे: त्याच्या खालीही काळा कातळ असतो आणि वरही काळाच कातळ असतो.